बेरीज बरोबर

सोमवार, ४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

१. खाणीतून निघालेली माती आणि दगड आपल्या गल्लीच्या मागे टाकतात. त्याचा ढीग घरांच्या छपरांपेक्षा चौपट उंच झाला होता.

२. ढिगाखालून पाणी वाहून नेणारी मोरी बुजली होती. गल्लीने खाण कार्यालयाला दोनदा कळवलं होतं.

३. मंगळवारी सकाळी ढिगाच्या पोटातून पाणी फुटलं. समोरच्या शिंप्याने आरडाओरडा करून सगळ्यांना घराबाहेर काढलं.

४. आई, बाबा आणि आत्या, तिघंही पुढच्या दाराने बाहेर पडले.

५. बाबांचा चष्मा मागच्या अंगणात नळापाशी राहिला होता. आई तो आणायला परत गेली.

६. ढिगाचा खालचा भाग सुटला. गल्लीची मागची अंगणं आणि न्हाणीघरं गाडली गेली.

७. तीन माणसं अडकली. दोघांची प्रेतं मिळाली. आई सापडलेली नाही.

हा मजकूर मी माझ्या सहीने, तक्रार म्हणून, कार्यालयात देणार आहे. मी तिथे नव्हते. तुम्ही, आत्याने आणि शिंप्याने सांगितलं त्यावरून लिहिला आहे. चूक असेल तर कळवा. पाचव्या मुद्द्यात, चष्मा आणायला तुम्ही सांगितलं की ती आपणहून गेली, हे लिहिलेलं नाही. कार्यालयाला ते लागत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी आपण तीन खुंट ठोकले, त्याबद्दल पुन्हा लिहिते म्हणजे घोळ नको. अ, आपल्या पुढच्या दाराची पायरी. ब, शाळेची पायरी. या दोन्हींखाली कातळ आहे, त्या हलणार नाहीत. क, ढिगावर, सुटलेल्या भागाच्या वरच्या कडेला. दर सोमवारी तिन्ही खुंटांवर मी ठेवून आलेलं यंत्र लावून तिन्ही कोन मोजायचे. आत्याने लाल-पांढरी काठी धरायची. तीन कोनांची बेरीज एकशेऐंशी अंश यायला हवी. एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे चालतील. आली तर मोजणी बरोबर. नाही आली तर पुन्हा मोजायचं. पहिल्या दिवशी अ ५८ अंश २० मिनिटं, ब ४८ अंश ५० मिनिटं आणि क ७२ अंश ५० मिनिटं होता.

खाणीच्या साहेबांनी माझ्यासमोर काय सांगितलं ते तुमच्या लक्षात असेलच. ढीग शांत आहे तोवर खणायची यंत्रं आईला शोधतील. तो हलतोय असं दिसलं तर खणणं कायमचं बंद, वरून माती ढकलून सगळं सपाट. त्यांचा स्वतःचा मोजणीदार एकदा येऊन गेला आणि आता महिनाअखेरीशिवाय येणार नाही. मधे मास्तर आहेतच की, असं साहेब म्हणाले. मला हे पटलेलं नाही. पण गल्लीत यंत्र हाताळता येणारे तुम्ही एकटेच आहात.

मी इथे बोगद्याच्या कामावर पुन्हा रुजू झाले. डोंगराच्या दोन बाजूंनी खणत येतात आणि मधे भेटायचं असतं; रेषा सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. जेवण वेळेवर होतं. गल्लीतली फोनची तार ढिगाखाली आहे, तेव्हा पत्रच लिहा.

आत्याला नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढवायची गरज नाही.

आपली,
मुलगी

*

सोमवार, ११ सप्टेंबर

चि. काटकोन हिस,
अनेक आशीर्वाद.

हे नाव तुला आवडत नाही, पण सत्तावीस वर्षांची झालीस तरी खुर्चीत ताठ बसायची तुझी तऱ्हा बदललेली नाही, तेव्हा नावही बदलणार नाही.

तुझा मजकूर वाचला. चूक एकच. तिसऱ्या मुद्द्यात शिंप्याने आरडाओरडा केला असं तू लिहिलंस. तो ओरडला नाही, त्याला खोकल्याची उबळ आली होती. तो कापायची कात्री जिन्याच्या लोखंडी कठड्यावर बडवत गल्लीभर पळाला. कार्यालयाला हेही लागत नसेल. पाचव्या मुद्द्याचं उत्तर मात्र देतो. मी सांगितलं नव्हतं. मी डोळे चोळत उभा होतो, ते तिला बघवलं नाही. तिला थांब म्हणायलाही मला सुचलं नाही. तू लिहिलंस तेवढं पुरेसं आहे.

आज मोजणी केली. बेरीज एकशेऐंशीला एक मिनिट कमी. बरोबर. ते मिनिट तुझ्या यंत्रानं खाल्लं की माझ्या नव्या चष्म्यानं, ते तुम्ही शिकल्यासवरलेल्यांनी ठरवावं.

तुझी आत्या काठी सरळ धरते, पण तोंड बंद ठेवत नाही. ढिगावरून खाली मला ऐकू जावं म्हणून ती गल्लीची सगळी खबर ओरडून सांगते. कोणाच्या घरी कोणाचं पटत नाही, हे आज सगळ्या गल्लीला कळलं. मी तिला खाली आल्यावर सांगितलं की काठीला जीभ नसते, निदान तेवढं तरी तिच्याकडून शीक. त्यावर ती म्हणाली की काठीला तुझ्यासारखा भाऊही नसतो, तिचं बरं आहे.

दोन यंत्रं आहेत आणि फावडीवाले पाच-सहा जण. अंगणाच्या कुंपणाची तार लागली आहे. तिथून नळापर्यंतचं अंतर तुला ठाऊक आहे. साहेब छत्री घेऊन आले होते. काय मास्तर, कसं काय, असं विचारलं. मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे. त्यांनी मान डोलावली आणि गेले.

शिंपी परत राहायला आला. सून बाळंतीण आहे, शाळेच्या ओसरीवर किती दिवस काढायचे, असं त्याचं म्हणणं. त्यानेही मला विचारलं होतं.

माया तुझ्याकडून येवो न येवो, इकडून चालूच आहे.

तुझे,
बाबा

*

शुक्रवार, २२ सप्टेंबर

चि. बाळीस,
आत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र आलं की दादा ते दोनदा वाचतो, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवतो आणि मग मला सांगतो की विशेष काही नाही. म्हणून म्हटलं आपणच थेट लिहावं. तूही मला विशेष काही नाही असंच लिहिशील, बापलेकीची एकच शाळा.

आम्ही ठीक आहोत. पुढच्या दोन खोल्यांत भागतं. मागच्या खोलीचं दार मात्र आता लागत नाही, खाली घासतं. सुताराला बोलावून घासून घेतलं, चार दिवस लागलं, पुन्हा अडकलं. सुतार म्हणाला लाकूड फुगलंय. मी त्याला म्हटलं, लाकूड वरून फुगतं होय रे, हे खालून अडतंय. तो म्हणाला बाई, रंधा तुम्हीच मारा मग. असला तोंडाळ माणूस.

तुझी आई असती तर त्याला बरोबर सरळ केलं असतं. ती बोलायची नाही, नुसती बघायची. माझ्याकडेही बघायची तशी, पोळपाट जागेवर ठेवला नाही की. पंचवीस वर्षं बघितलं तिनं माझ्याकडे. आता मी पोळपाट जागेवर ठेवते आणि बघायला कोणी नाही.

दर सोमवारी तुझी ती काठी घेऊन मला उभं करतात. शाळेपाशी आणि दारात ठीक आहे, पण ढिगावर चढायचं म्हणजे माझे गुडघे मला शिव्या देतात. वर गेलं की शाळेकडे तोंड करून उभं राहायचं, हलायचं नाही. एवढा वेळ करायचं काय, म्हणून मी गल्ली बघते. एक बरं झालं, पाण्याची टाकी दिसायला लागली. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ती शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्याआड होती, नुसता कठडा दिसायचा. या सोमवारी अख्खी दिसली, शिडीसकट. मी दादाला ओरडून सांगितलंसुद्धा की टाकीला नवा रंग दिलाय. तो यंत्रात डोळा घालून बसला होता.

खाली आल्यावर तोंड कसनुसं झालं होतं त्याचं. मी विचारलं, काय रे, चुकलं का गणित? तर म्हणाला बेरीज बरोबर आहे. मग मी निर्धास्त. शिंप्याची सून पण रोज सकाळी बाळाला घेऊन दारात येते, मास्तर, बरोबर ना, असं विचारते. तो हो म्हणतो. तो हो म्हणाला की ती आत जाऊन बाळाला तेल लावते. गल्लीत आता हा रिवाजच झालाय म्हण. पूर्वी मुलं त्याच्याकडून बरोबरची खूण घ्यायला वह्या घेऊन यायची, आता आख्खी गल्ली येते.

मला ते कोनबिन कळत नाही. पण दादाने आयुष्यात चुकीच्या गणिताला बरोबर म्हटलेलं नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नापास केलं होतं, हे तुला माहीतच आहे.

तू जेवतेस का? इकडे ये म्हणणार नाही, आलीस तर झोपायला जागा कुठे आहे. पण माझी आठवण तेवढी काढत जा, फुकट असते.

तुझी,
आत्या

*

सोमवार, २५ सप्टेंबर

चि. काटकोन हिस,
आशीर्वाद.

घाईत चार ओळी. आज नळाची तोटी सापडली. पितळी, तुझ्या आईने चिंध्या गुंडाळून बांधलेली, तशीच. म्हणजे आता जवळ आलो. साहेब म्हणतात अजून पंधरवडा, फार तर.

बेरीज एकशेऐंशी, नेमकी. बरोबर.

आहे त्या मायेत भर घालून,
बाबा

*

गुरुवार, २८ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं आणि आत्याचं पत्र एकाच दिवशी मिळालं. आधी आत्याच्या पत्राबद्दल.

क खुंटापासून शाळेच्या भिंतीचा कोपरा साठ मीटरवर आहे. कोपऱ्यापासून टाकी त्याच्याही पलीकडे पाचशे मीटर. टाकीची रुंदी सहा मीटर. पहिल्या दिवशी ती कोपऱ्याआड होती, आता पूर्ण दिसते. टाकी चालत नाही आणि शाळाही चालत नाही. म्हणजे काठी धरून उभी असलेली आत्या आपल्या जागेवरून पाऊण मीटरच्या आसपास सरकली आहे. आत्याला वाटतं ती हलत नाही, आणि ते खरं आहे. तिच्या पायाखालचा ढीग हलला आहे. मागचं दार खालून अडतंय ते त्यामुळेच. पायथा वर उचलला जातोय.

आता तुमच्या पत्रांबद्दल. मी तुम्हाला कोन मोजायला सांगितले होते. तुम्ही मला कोन कळवत नाही, बेरीज कळवता.

पुढे लिहिते ते तुम्हाला सांगायची गरज नाही, कारण ते मी तुमच्याकडूनच शिकले. तरी लिहिते. क मधून एक रेषा काढा, अ-ब या पायाला समांतर. अ कडून क कडे जाणारी बाजू या दोन समांतर रेषांना छेदते, म्हणून अ पाशी जो कोन आहे तेवढाच वर क पाशी, रेषेच्या एका अंगाला येतो. व्युत्क्रम कोन. ब चंही तसंच, दुसऱ्या अंगाला. मधे क चा स्वतःचा कोन. तिन्ही मिळून त्या सरळ रेषेच्या एका बाजूला शेजारी शेजारी बसतात. सरळ कोन. एकशेऐंशी.

या सिद्धतेत क कुठे आहे हे कुठेच लागत नाही. तो सरकला तर समांतर रेषाही त्याच्याबरोबर सरकते, आणि तिन्ही कोन पुन्हा तिच्यावर बसतात. क पाऊण मीटर खाली आला तरी बेरीज तीच. तो मागच्या अंगणात आला तरी तीच. तो गल्लीत, अ आणि ब च्या मधे येऊन पडला, तर आपल्या दारातला कोन शून्य, शाळेतला शून्य आणि ढिगाचा एकशेऐंशी. तेव्हासुद्धा तुम्हाला लिहिता येईल की बेरीज बरोबर.

बेरीज फक्त एवढंच सांगते की मोजणाऱ्याचा हात चुकलेला नाही. ढिगाबद्दल ती काहीही सांगत नाही. हे आत्याला, शिंप्याच्या सुनेला आणि साहेबांना कळायचं कारण नाही. बरोबर हा शब्द त्यांनी तुमच्या तोंडून ऐकला, एवढंच. पण तुमचा घोळ झाला असेल यावर माझा विश्वास नाही.

मी इथल्या कार्यालयातून साहेबांना फोन केला आहे आणि ढिगावरची माणसं खाली घ्यायला सांगितलं आहे. आत्यालाही वेगळं पत्र टाकलं आहे, की तिने शिंप्याच्या घरच्यांना घेऊन शाळेत जावं. तुम्हीही जावं. क वर पुन्हा चढू नका.

आतापर्यंतच्या सगळ्या सोमवारांचे तीन-तीन कोन मला हवे आहेत.

आपली,
मुलगी

*

सोमवार, २ ऑक्टोबर

चि. काटकोन हिस,
आशीर्वाद.

शनिवारी यंत्रं थांबली. तू फोन केलास हे साहेबांनीच सांगितलं. ते रागावले नव्हते, कंटाळले होते. एका म्हाताऱ्या बाईला टाकी दिसली म्हणून काम थांबवायचं का, असं विचारत होते.

सिद्धता स्वच्छ लिहिली आहेस. दहापैकी दहा. फक्त समांतर रेषा काढल्यावर "का काढली" हे लिहायला हवं होतंस, ते मी वर्गात नेहमी सांगायचो. आकृतीत नसलेली रेषा आपण काढतो, तेव्हा कारण द्यावं लागतं.

तुझा अंदाज बरोबर आहे. घोळ झाला नाही. दुसऱ्याच सोमवारी क चा कोन वाढला, तिसऱ्या सोमवारी आणखी. बेरीज कळवणं म्हणजे काहीच न कळवणं, हे मला तुझ्याआधी माहीत होतं. म्हणूनच बेरीज कळवली. माझ्या एकाही पत्रात खोटं नाही, तू शोधून बघ. साहेबांनी कोन विचारले असते तर सांगितले असते. त्यांनी कसं काय एवढंच विचारलं. छत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की प्रश्न नीट विचारा. कोणी शिकलं नाही.

कारण लिहायचं तर असं. कोन सांगितले असते तर त्याच दिवशी यंत्रं गेली असती. मग वरून माती ढकलली असती आणि पुढच्या वर्षी त्यावर गवत. मी रोज मागच्या खिडकीतून ते गवत बघत दाढी करायची. मला ते जमणार नव्हतं. कुंपण लागलं, मग तोटी लागली. तोटीपासून चार हात, एवढंच राहिलंय. ती वाकली असेल चष्मा उचलायला, त्यापलीकडे गेली नसेल.

फावडीवाल्यांचा विचार मी केला नाही असं समजू नकोस. दुपारी ते आपल्या ओट्यावर बसून डबे खातात. त्यातला एक मोठा बडबड्या आहे, मला म्हणतो मास्तर, माझी मुलगी भागाकारात कच्ची आहे, काय करू. मी त्याला उपाय सांगतो आणि ढिगाकडे पाठ करून बसतो.

तुझं पत्र आल्यावर आत्याला सांगितलं, शाळेत जा. ती ट्रंकेवर बसून राहिली आणि म्हणाली, दादा, तू येशील तेव्हाच मी येईन. शिंप्यालाही सांगितलं की मला आता खात्री देता येत नाही. तो हसला. म्हणाला, काल बरोबर होतं आणि आज रात्रीत काय झालं, मास्तर, वय झालं तुमचं, घाबरायला लागलात. सुनेने आजही विचारलं. मी काही बोललो नाही. ती ते हो समजली.

शुक्रवारी, तेरा तारखेला, काम पुन्हा सुरू करायचं की नाही हे साहेब ठरवतील. तोवर एकदा मला विचारतील, त्यांच्या पद्धतीने. काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. तू मधे बोलू नकोस, एवढंच मागतो. पंधरवडा म्हटले होते. त्यातले मोजके दिवस उरलेत. तिला बाहेर काढू, मग तू म्हणशील ते कोन, म्हणशील त्याच्या समोर, मोठ्याने वाचून दाखवीन.

ती तुझीही आई होती.

लोभाची बाब तुझ्यावर सोडतो,
बाबा

*

गुरुवार, ५ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल साहेबांशी फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं तीन वाक्यांत सांगते. मी तक्रारदार आहे, त्यामुळे माझी मोजणी त्यांना चालणार नाही आणि मला ढिगावर पाऊल ठेवू देणार नाहीत. त्यांचा मोजणीदार दुसऱ्या खाणीवर आहे, या महिन्याच्या वीस तारखेच्या आत येत नाही. मास्तरांनी तीन कोन स्वतःच्या हाताने लिहून दिले तर ते पहिल्या दिवसाच्या कोनांशी ताडून बघतील आणि ढीग हलला असेल तर काम बंद करून गल्ली रिकामी करतील. नाही दिले तर तेरा तारखेच्या शुक्रवारी सकाळी माणसं वर चढतील.

म्हणजे मी इथून काहीही केलं तरी शेवटी तुमच्यापाशीच येऊन थांबतं. ते मला नको होतं.

तुम्ही लिहिलंत तोटीपासून चार हात. मी ते कागदावर काढून बघितलं. ढिगाचा पायथा पुढे सरकतोय, याचा अर्थ तोटीही तिच्या मूळ जागी सापडलेली नाही. ती पुढे ढकलली गेली आहे. आईही गेली असेल, पण तेवढीच नाही आणि त्याच दिशेने नाही. चार हात हा आकडा तुम्ही जुन्या अंगणावरून काढलात. ते अंगण आता तिथे नाही. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तुम्ही त्या चार हातांच्या भरवशावर माणसं वर पाठवणार आहात, म्हणून लिहावं लागतं.

ती कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही, बाबा. पुढच्या पंधरवड्यातही कळेल असं नाही.

ओट्यावर डबा खाणाऱ्या माणसाला मुलगी आहे, हे तुम्ही स्वतःच लिहिलंत. मी त्यात भर घालत नाही. शिंप्याच्या सुनेबद्दलही नाही. तुम्ही गप्प राहिलात आणि ती ते हो समजली, हेही तुम्हीच लिहिलं आहे, आणि असं वाक्य तुम्ही उगाच लिहीत नाही.

मी बोलू नये असं तुम्ही मागितलंत. ते मला देता येत नाही. कोन सांगितल्यावर काय होणार हे मलाही दिसतं. माती ढकलतील, सपाट करतील, आणि आई तिथेच राहील. ते माझ्या फोनमुळे आणि तुमच्या अक्षरामुळे होईल. दोघांचं समान. मलाही ती हवी आहे. हे मी एकदाच लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही.

तुम्ही विचारलंत की आकृतीत नसलेली रेषा का काढली. कारण नुसत्या त्रिकोणाकडे बघून काही सिद्ध होत नाही. बाहेरचं काहीतरी आणावं लागतं, जे त्या आकृतीत राहणाऱ्यांना दिसत नाही. आत्याला टाकी दिसली, ती तसलीच होती. तिला वाटलं नवा रंग दिलाय.

इथे बोगद्याची दोन्ही तोंडं पुढच्या आठवड्यात भेटतील. मी ते बघायला नसेन. रजा मिळाली आहे. बुधवारी रात्रीच्या गाडीने निघून गुरुवारी सकाळी साहेबांच्या कार्यालयात पोचेन. तिथून शाळेत येईन. आत्याला सांगा, ट्रंक तिने उचलायची नाही. आणि तिला हेही सांगा की तिने टाकीबद्दल लिहिलं नसतं तर मला काहीच कळलं नसतं. तुम्ही नापास केलं होतंत, तो निकाल बदलावा लागेल.

आता फक्त एवढंच करा. पुन्हा ढिगावर जायचं नाही, नवीन मोजायचं नाही. पंचवीस सप्टेंबरच्या सोमवारी अ, ब आणि क पाशी आलेले तीन कोन तुम्हाला पाठ आहेत, हे मला माहीत आहे. ते अंश-मिनिटांत, वेगवेगळे, तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली सही करा. बेरीज लिहू नका, ती मला माहीत आहे.

माझ्याबद्दलचं तुमचं मन या पत्रानंतर कसं राहील याचा अंदाज मी केलेला नाही. आहे तसं राहावं, असं वाटतं.

तुमचं उत्तर बुधवार, ११ ऑक्टोबरपर्यंत माझ्या हातात यावं.

आपली,
मुलगी